नामवंत चित्रांच्या प्रती घरात लावताना : वाचकांचे प्रश्न

दिवाळीपूर्वी घराला रंग लावून झाला की रिकाम्या भिंतींचा प्रश्न उभा राहतो, आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही तो उमटतो. यंदा बऱ्याच वाचकांनी जुन्या, नामवंत चित्रांच्या चौकटीत बसवलेल्या छापील प्रतींविषयी विचारले आहे. छापील प्रत लावणे कमीपणाचे आहे असे मी मुळीच मानत नाही. प्रत कोणाच्या चित्राची आहे, मूळ चित्र केवढे आहे आणि ते कोणत्या माध्यमात रंगवले आहे, हे समजून घेऊन ती निवडली जावी एवढाच माझा आग्रह आहे, आणि पुढील उत्तरांत तो वारंवार डोकावेल.

प्रश्न : आमच्या नव्या घराच्या दर्शनी भिंतीवर हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध चित्र लावावे, अशी सासूबाईंची इच्छा आहे. फ्रेमच्या दुकानात ते ‘राजा रविवर्मा यांचे चित्र’ म्हणून कॅनव्हासवर छापून मिळते. एका नातेवाइकांनी मात्र ते रविवर्मा यांचे नाही असे ठामपणे सांगितले. खरे काय, आणि चांगली प्रत कशी ओळखावी?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : आपल्या नातेवाइकांचे म्हणणे बरोबर आहे. हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, आणि १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन करणाऱ्या चित्रकारांत ते होते. प्रस्तुत चित्र त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास रंगवले, म्हणजे रविवर्मा यांच्या निधनाला (१९०६) तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षे होऊन गेली होती. चित्रासाठी त्यांची स्वतःची कन्या उभी राहिली होती. आज ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील श्री जयचामराजेंद्र कलादालनात आहे. त्याच दालनात रविवर्मा यांचीही चित्रे आहेत, आणि म्हैसूरची सहल करून आलेल्या अनेकांच्या मनात ही दोन नावे एकमेकांत मिसळली असावीत, असे मला वाटते. कारण काहीही असो, आपल्याच सावंतवाडीच्या एका थोर चित्रकाराचे सर्वांत गाजलेले चित्र मराठी घरांत दुसऱ्याच्या नावाने टांगले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. ते लावणार असाल, तर चौकटीच्या मागे किंवा माउंटच्या (चित्राभोवतीच्या कोऱ्या पुठ्ठ्याच्या पट्टीच्या) खालच्या कडेला चित्रकाराचे नाव अवश्य लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि दुकानदार ती क्वचितच सांगतात. हे चित्र तैलरंगातले नसून कागदावर जलरंगात केलेले आहे. पारदर्शक जलरंगात उजेड नंतर वरून लावता येत नाही. तो आधीपासून राखावा लागतो, कारण कागदाचा पांढरेपणा हाच तेथे प्रकाश असतो आणि अंधार रंगाच्या एकावर एक दिलेल्या पातळ थरांनी गडद करत न्यावा लागतो. ज्योतीवर आडोसा धरलेल्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड, चेहऱ्यावर पडलेली त्याची आभा, आणि साडीच्या घड्यांत विरत जाणारा अंधार, हे सारे एकही चूक न करता जलरंगात उतरवणे किती अवघड असते, हे या माध्यमात काम केलेल्या कोणालाही विचारून पाहावे. असे चित्र जाड विणीच्या कॅनव्हासवर छापून त्यावर चकचकीत वॉर्निश चढवले, की त्याचा स्वभावच पुसला जातो. म्हणून ही प्रत चमक नसलेल्या, सुती लगद्याच्या जाड कागदावर छापलेली असावी, तिच्याभोवती माउंट असावा आणि वर काच असावी.

प्रत पारखताना प्रथम बोटे पाहावीत. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक प्रतींत केशरी रंग इतका भडक केलेला असतो, की बोटे निखाऱ्यासारखी दिसतात आणि ज्योत व बोटे यांच्या उजेडातला फरक नाहीसा होतो. मग पार्श्वभूमी पाहावी. ती सपाट काळी दिसत असेल आणि आकृतीची मागची कड त्यात पूर्ण बुडाली असेल, तर छपाई हलक्या प्रतीच्या फाइलवरून झाली आहे असे समजावे.

येथे कायद्याचाही एक मुद्दा आहे. भारतीय स्वामित्व हक्क कायद्यानुसार चित्रकाराच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे चित्रावरचा हक्क कायम राहतो. हळदणकर १९६८ साली निवर्तले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०२८ च्या अखेरीपर्यंत चालू आहे. म्हणून ही प्रत कोणाच्या परवानगीने छापली आहे, हे विक्रेत्याला विचारणे हा आपला अधिकार आहे, आणि माझ्या मते कर्तव्यही. स्वतः रविवर्मा, १९४१ साली निवर्तलेल्या अमृता शेरगिल, किंवा १९४४ साली निवर्तलेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या चित्रांबाबत हा प्रश्न आता उरलेला नाही.

प्रश्न : आजोळच्या वाड्यातून लक्ष्मीची एक जुनी तसबीर माझ्याकडे आली आहे. खाली रविवर्मा प्रेसचे नाव आहे. काचेच्या आतला कागद पिवळट झाला असून कोपऱ्यांवर तपकिरी डाग आहेत. ही मूळ कृती म्हणावी की नुसता छापील कागद? काच काढून पुसून घेतली आणि नव्या फ्रेममध्ये बसवली तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याकडे जे आहे ते बहुधा ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत शिळाछाप प्रत, आहे, आणि नव्या फ्रेमच्या घाईत त्याची हानी होऊ नये म्हणून मी जरा सविस्तर लिहितो.

तंजावरच्या मराठी घराण्यात जन्मलेले आणि पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांनी रविवर्मा यांना एक सल्ला दिला होता. चित्रांना एवढी मागणी आहे की एका हाताने ती पुरवणे शक्य नाही, म्हणून निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत शिळाछाप प्रती काढून घ्याव्यात, असा तो सल्ला होता. चित्रे परदेशी पाठवण्याऐवजी रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईतच छापखाना उभा केला. त्यासाठी यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले. शकुंतलेच्या जन्माचे चित्र तेथे सर्वांत आधी छापले गेले. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ साली लागलेल्या आगीत तेथील पुष्कळ ठेवा नष्ट झाला. त्यामुळे आपल्यासारख्या घरांत राहिलेल्या प्रतींचे मोल त्यानंतर अधिकच वाढले आहे, आणि मी येथे केवळ पैशाच्या मोलाविषयी बोलत नाही. संस्थानिकांच्या महालात किंवा देवळाच्या गाभाऱ्यात न जाताही लक्ष्मी आणि सरस्वती यांचे दर्शन घराच्या भिंतीवर घडावे, ही गोष्ट सामान्य मराठी कुटुंबाला या कागदांनी मिळवून दिली.

या प्रती ज्या रीतीने छापल्या जात, ती रीत आजच्या छपाईहून अगदी निराळी होती. प्रत्येक रंगासाठी चुनखडीच्या दगडाची स्वतंत्र शिळा तयार करावी लागे, कागद त्या सर्व शिळांवरून एकामागून एक नेमक्या जागी बसवून काढावा लागे, आणि शेवटी तैलचित्राचा भास व्हावा म्हणून त्यावर वॉर्निश देऊन पृष्ठभाग किंचित उठावदार केला जाई. म्हणून तसबीर खरी जुनी आहे की अलीकडच्या काळातला पुनर्मुद्रित कागद आहे, हे पाहायचे असेल तर काचेवरूनच एक चांगले भिंग धरावे. आजच्या ऑफसेट छपाईत रंगांचे अगदी सारख्या अंतरावरचे, फुलासारखी नक्षी करणारे ठिपके दिसतात. शिळाछापात मात्र ठिपके अनियमित असतात, दगडाचा खरखरीतपणा जाणवतो आणि दोन रंगांच्या कडा काही ठिकाणी एकमेकांवर सरकलेल्या आढळतात. खालच्या पट्टीवर छापखान्याचे नाव असणे हा एक पुरावा झाला. पण ती पट्टीसुद्धा पुनर्मुद्रणात जशीच्या तशी उतरू शकते, म्हणून केवळ नावावर विसंबू नये.

‘मूळ कृती’ या आपल्या शब्दाविषयी माझे मत असे आहे. मूळ तैलचित्र एकच आणि त्याची जागा वेगळी. परंतु शिळेवरून निघालेली त्या काळची प्रत ही स्वतंत्र कारागिरीची वस्तू आहे आणि तिला नुसता छापील कागद म्हणणे अन्यायाचे होईल. काही घरांतून तर देवीच्या साडीवर जरी, टिकल्या आणि मणी हाताने शिवलेल्या प्रती आढळतात, आणि त्या प्रत्येक घराच्या स्वतःच्या आहेत.

आता आपल्या तसबिरीविषयी. ओल्या फडक्याने कागदाला स्पर्शही करू नये. पिवळेपणा हा बव्हंशी जुन्या वॉर्निशचा असतो आणि तो घरगुती उपायांनी काढू गेल्यास खालचा रंगही निघून येतो. कोपऱ्यावरचे तपकिरी डाग ओल आणि मागच्या पुठ्ठ्यातील आम्ल यांमुळे पडतात. ते पसरू नयेत एवढेच आपल्या हातात आहे. कागद काचेला चिकटला असेल तर तो ओढून सोडवण्याचा प्रयत्न करू नये. जुनी सागवानी चौकट सुस्थितीत असेल तर तीच राहू द्यावी. बदलायचा तो मागचा पुठ्ठा, आणि तेही कागदाचे काम जाणणाऱ्या माणसाकडून. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला-जतन केंद्र बाहेरच्या कलाकृतींवरही काम करते. साताऱ्याहून तसबीर नेणे त्रासाचे वाटले, तर आधी छायाचित्रे पाठवून सल्ला घ्यावा.

प्रश्न : दिवाणखान्यात सात फुटांच्या सोफ्यामागे एकच मोठे, जगप्रसिद्ध चित्र लावण्याचा विचार आहे. जपानी चित्रकार होकुसाई यांची समुद्राची लाट किंवा डच चित्रकार व्हर्मीर यांची मोत्याचे कर्णभूषण घातलेली मुलगी, यांपैकी एक पाच फूट रुंदीत छापून घ्यावे असे वाटते. योग्य ठरेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सोफ्याच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश भाग चित्राने व्यापावा, हा सजावटकारांचा संकेत आपल्या विचारामागे असावा, आणि तो ठीकच आहे. पण आपण निवडलेली दोन्ही चित्रे त्या कामासाठी योग्य नाहीत.

होकुसाई यांची लाट १८३१ च्या सुमाराची आणि लाकडी ठशांवरून कागदावर छापलेली आहे. तिचा मूळ आकार जेमतेम २५ बाय ३७ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या वहीच्या उघडलेल्या दोन पानांएवढा. हातात धरून पाहण्यासाठी ती काढलेली होती. होड्यांत दबकून बसलेली माणसे, दूरवरचा छोटा फुजी पर्वत आणि लाटेच्या टोकाची नखांसारखी फेसाची बोटे ही जवळून पाहिली तरच एकमेकांशी बोलू लागतात. पाच फुटांवर ताणल्यावर ठशाची बारीक रेघ दोरखंडासारखी जाड होते. व्हर्मीर यांचे चित्र ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचे आहे. नेदरलँड्समधील हेग शहरात, माउरित्सहाउस संग्रहालयात, ते पाहणारा माणूस त्या मुलीसमोर जवळजवळ समोरासमोर उभा असतो, कारण तिचा चेहरा माणसाच्या चेहऱ्याहून मोठा नाही. तोच चेहरा चौपट करून सोफ्यावर टांगला, की ती मान वळवून पाहणारी मुलगी न राहता जाहिरातीचा फलक होते. मोनालिसाबाबतही हेच आहे. ते चित्र ७७ बाय ५३ सेंटिमीटरचे आहे आणि तेवढेच राहू द्यावे.

म्हणून मी प्रत्येकाला प्रथम मूळ आकार शोधायला सांगतो. संग्रहालये तो चित्राच्या नोंदीत देतात. प्रत त्या आकाराची, किंवा त्याहून थोडी लहान असावी. मोठी करायचीच झाली तर फार तर सव्वा पट, त्यापुढे नाही. मोठ्या भिंतीला मोठ्या आकारातच कल्पिलेली चित्रे शोभतात. क्लिम्ट यांचे व्हिएन्नामधील प्रणयी युगुलाचे चित्र १८० सेंटिमीटर लांब आणि तितकेच रुंद आहे; मोने यांनी पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयासाठी रंगवलेली कमळतळ्याची चित्रे दोन मीटर उंच आणि कित्येक मीटर लांब आहेत. अशा चित्राची प्रत पाच फुटांची झाली तरी ती मूळ चित्राहून लहानच राहते, आणि त्यातला श्वास टिकतो.

लाटेवरच आपले मन जडले असेल, तर ती खऱ्या आकारात, चमक नसलेल्या कागदावर छापून घ्यावी आणि भोवती चारी बाजूंना १० ते १२ सेंटिमीटरचा मोठा माउंट ठेवावा. होकुसाई यांच्या फुजी पर्वताच्या मालिकेतील आणखी दोन ठसे तिच्या जोडीला घेऊन तीन सारख्या चौकटी एका ओळीत लावल्या, तर सोफ्यामागची रुंदीही भरेल. कागदाच्या ठशाची कॅनव्हासवर प्रत मात्र करू नये. तेथे विणीची पोत खोटी दिसते.

उंचीविषयीही एक सूचना. आपल्याकडे वाड्यांतील तसबिरी आढ्याच्या जवळ, पुढे झुकवून लावत, आणि उंच छताच्या, जमिनीवर बैठक असलेल्या माजघरात ते योग्यही होते. आजच्या सदनिकेत चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर आणि चौकटीची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून फार तर २० सेंटिमीटर वर असावी.

प्रश्न : परदेशी संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरून चित्रे विनामूल्य उतरवून घेता येतात असे कळले. व्हर्मीर यांची दूध ओतणारी स्त्री मला स्वयंपाकघराजवळच्या भिंतीवर लावायची आहे. फाइल उतरवून गावातील डिजिटल प्रिंटरकडून छापून घेतली तर कायद्याने आणि दर्जाने चालेल का?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : कायद्याने निश्चित चालेल, आणि दर्जाने चालावे यासाठी थोडी चिकाटी लागेल. हे चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि त्या संग्रहालयाने स्वामित्व हक्क संपलेल्या आपल्या चित्रांच्या उत्तम प्रतीच्या फाइली सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ साली हेच केले, आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी व शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट यांनीही. कुठून तरी शोधलेल्या चित्रापेक्षा थेट संग्रहालयाची फाइल घ्यावी, कारण तिचे रंग मूळ चित्रासमोर पडताळलेले असतात. एकाच चित्राच्या दहा ठिकाणी दहा रंगछटा का दिसतात, याचे उत्तर इथेच आहे.

मूळ चित्र ४५.५ बाय ४१ सेंटिमीटरचे आहे. त्याच आकारात, इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने, फाइल साधारण ४८५० बाय ५४०० पिक्सेलची हवी. प्रिंटर अनेकदा १२ बाय १८ किंवा १६ बाय २४ इंच अशा ठरावीक मापांत काम करतात आणि चित्र त्यात बसवण्यासाठी कडा छाटून टाकतात. त्याला स्पष्ट सांगावे की कागद कोणत्याही मापाचा असो, चित्र छाटायचे नाही आणि ताणायचेही नाही. उरलेली जागा कोरी ठेवावी, ती माउंटखाली जाते.

शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली, असावी. साध्या डाय (विरघळलेल्या रंगाच्या) शाईची छपाई पहिल्या दिवशी झगझगीत दिसते, परंतु उजेडात तिचे रंग लवकर उडतात. रसवंतिगृहांत आणि केशकर्तनालयांत वर्षानुवर्षे टांगलेली, निळसर पडलेली छापील चित्रे आपण पाहिली असतील. तेथे स्वस्त शाईतील पिवळा आणि लाल रंग आधी उडून निळा मागे राहिलेला असतो. कागद सुती लगद्याचा आणि आम्लरहित मागावा. गावात असे साहित्य ठेवणारा प्रिंटर नसेल, तर लग्नाच्या अल्बमांचे काम करणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत किंवा कलावंतांसाठी छपाई करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या ठिकाणी फाइल पाठवावी.

संपूर्ण प्रत छापण्यापूर्वी एक पट्टी छापून घ्यावी, आणि ती पट्टी चित्राच्या नेमक्या कोणत्या भागाची असावी हेही सांगून ठेवतो. स्त्रीच्या मागची भिंत पाहा. ती पांढरी वाटते, पण खिडकीकडून दूर जाताना तिच्यावर करड्या आणि पिवळसर छटा बदलत जातात, आणि वरच्या बाजूला व्हर्मीर यांनी एक खिळा, त्याची सावली आणि उपटलेल्या खिळ्यांची भोके रंगवली आहेत. छापलेल्या पट्टीत तो खिळा आणि त्याची सावली वेगवेगळी दिसली, भिंत कोरी पांढरी पडली नाही, आणि कमरेच्या निळ्या वस्त्राच्या घड्या काळ्या झाल्या नाहीत, तर पुढची छपाई निर्धास्तपणे करून घ्यावी. पडद्यावर चित्र मागून उजळलेले असते, म्हणून छापलेली प्रत पहिल्यांदा सर्वांनाच काळवंडलेली वाटते. पट्टी दुकानातील ट्यूबलाइटखाली न पाहता घरी नेऊन, जेथे लावायची त्या भिंतीशी, दिवसा आणि रात्री धरून पाहावी.

स्वयंपाकघराजवळ म्हणजे फोडणीच्या वाफेच्या टप्प्यात नाही ना, एवढे मात्र पाहावे. तेलकट वाफ काचेच्या फटीतूनही आत शिरते.

प्रश्न : आमच्या घरातील चित्रांच्या चौकटींत दर पावसाळ्यात बुरशी येते, एक छापील चित्र तर काचेला चिकटून खराब झाले. कोकणात चित्रे लावूच नयेत का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अवश्य लावावीत, फक्त चौकट कोकणच्या हवेसाठी बांधून घ्यावी. बहुतेक ठिकाणी चित्र हार्डबोर्डला सरसाने पूर्ण चिकटवतात, त्यावर थेट काच ठेवतात आणि मागे खिळे मारून मोकळे होतात. या रचनेत पावसाळ्यातली ओल काचेच्या आत कागदावरच थेंबांच्या रूपाने जमते, शाईचा थर मऊ होऊन काचेला चिकटतो, आणि सरस हे तर कसर आणि बुरशी या दोहोंचे खाद्य.

आपण कारागिराकडून तीन गोष्टी करून घ्याव्यात. काच आणि कागद यांच्यात माउंटमुळे किंवा कडेच्या बारीक पट्टीमुळे किमान तीन मिलिमीटरची पोकळी राहिली पाहिजे. चित्र सर्वांगाने चिकटवू नये. वरच्या कडेला पातळ, मजबूत कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावून ते माउंटच्या मागे टांगलेले असावे, म्हणजे हवेतल्या ओलीबरोबर कागदाला फुगायला आणि आकसायला मोकळीक राहते. सेलोटेप तर अजिबात नको, कारण त्याचा चिकट द्रव काही वर्षांत कागदातून आरपार पिवळा उतरतो. आणि माउंट व पाठीचा पुठ्ठा आम्लरहित असावा. साधा पुठ्ठा वापरला आहे की नाही, हे दोन-चार वर्षांत कळतेच. माउंटची तिरपी कापलेली कड तपकिरी पडते.

चौकट बांधण्याची वेळही साधावी. श्रावणात बांधलेल्या चौकटीत त्या महिन्याची ओल पुठ्ठ्यासकट बंद होते. हेच काम डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत करून घेतले तर फरक पडतो. पाठीमागच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे चिकटवावेत, त्यामुळे चौकट भिंतीपासून बोटभर सुटी राहते आणि मागे हवा खेळते. पावसाची झड घेणारी पश्चिमेची भिंत चित्रांसाठी टाळावी. घराच्या मधल्या भिंती कोरड्या असतात. कोकणात मी लाकडी चौकटीपेक्षा ॲल्युमिनियमची बारीक चौकट सुचवतो, कारण वाळवी भिंतीतून थेट लाकडात शिरते आणि कागदापर्यंत पोचेतो बाहेरून काही दिसत नाही. लाकूडच हवे असेल तर जुने, मुरलेले सागवान घ्यावे.

बुरशी आलीच, तर चौकट उघडून कागद सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावा आणि मगच मऊ, कोरड्या कुंचल्याने घराबाहेर झटकावा. ओली बुरशी पुसली की ती कागदात अधिक खोल जाते. काच पुसण्याचा द्रव काचेवर कधीही फवारू नये, फडक्यावर घ्यावा. फवारलेला द्रव खालच्या कडेतून आत उतरतो.

प्रश्न : आजीच्या घरातील रविवर्मा प्रेसच्या दोन तसबिरी मला माझ्या घरी न्यायच्या आहेत. विमानतळावर काही अडचण येईल का?
— एक वाचिका, न्यू जर्सी

उत्तर : येऊ शकते, म्हणून आधीच तयारी करावी. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि आजीच्या तसबिरी त्या वयाच्या असण्याची शक्यता बरीच आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे छायाचित्रांसह अर्ज करावा. वस्तू तेवढी जुनी नाही असे तेथील तज्ज्ञांनी ठरवले, तर तसा दाखला मिळतो आणि तो बरोबर ठेवून प्रवास करता येतो. तसबिरी १०० वर्षांपुढच्या ठरल्या, तर त्या येथेच कोणा आप्ताकडे ठेवाव्या लागतील.

तसे झाल्यास त्यांच्या उत्तम प्रती करून न्याव्यात. काच काढण्यास योग्य असेल तर जाणकाराकडून काढवून, कागद न दाबता, वरून कॅमेऱ्याने छायाचित्र घ्यावे. सपाट स्कॅनरवर उठावदार वॉर्निश दबते आणि चमकते. पिवळेपणा संगणकावर पूर्ण घालवू नये, खालची छापखान्याच्या नावाची पट्टी छाटू नये, आणि प्रतीच्या मागे मूळ तसबीर कोणाच्या घरची, प्रत कोणत्या वर्षी काढली, हे पेन्सिलीने लिहून ठेवावे. नव्या प्रतीवर निर्यातीचे कोणतेही बंधन नाही. ती चौकटीशिवाय रुंद नळीत गुंडाळून न्यावी आणि चौकट तिकडेच बांधून घ्यावी.